माझी जन्मतारीख

मंगळवार, संध्याकाळ

आज माझा वाढदिवस. महाप्याच्या ऑफिसातून घरी आले, तर माझी अकरा वर्षांची सई मोबाइल घेऊन दारातच उभी. "आई, तुझा बर्थडे म्हणून गेमने मला नवीन बंदूक दिली."

मे महिन्यात मी घरून काम करत होते. मीटिंगमध्ये तिची भुणभुण नको म्हणून तो गोळीबाराचा गेम मीच घेऊन दिला. गेम अठरा वर्षं पूर्ण हवीत म्हणाला, तर सरळ माझी जन्मतारीख टाकली. तेव्हा काहीच वाटलं नाही? वाटलं होतं. पण मीटिंग सुरू झाली होती.

आज म्हटलं, "सई, काढून टाक तो गेम."

"थांब ना, हिने पहिला शत्रू तुझ्या नावाने मारते."

आणि मी थांबले. चप्पलही न काढता, तिच्या शेजारी उभी राहून बघत.