भाचीचं लग्न आणि माझा घसा

३ नोव्हेंबर
पुन्हा सर्दी. दिवाळीतली धड गेली नव्हती, तोवर ही दुसरी हजर. अंगात दम म्हणून नाही. ऑफिसचा जिना चढलो आणि वर जाऊन शिपायाच्याच खुर्चीवर बसलो. तो बिचारा उभा राहिला.

एरवी मी सर्दीला भीक घालत नाही. पण सात डिसेंबरला कन्नडला श्रेयाचं लग्न आहे. सुरेखाची एकुलती एक मुलगी, आणि मी तिचा सख्खा मामा. आमच्या भावकीत लग्न म्हटलं की माइकवर मी. पाहुण्यांचं स्वागत, मान्यवरांची नावं, सत्कार, आशीर्वाद. मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत मंडप माझ्या ताब्यात असतो. गेल्या वर्षी अजिंठ्याच्या लग्नात लोक हातात अक्षता धरून तास-दीड तास उभे होते. एक माणूस जागचा हलला नाही. आवाजाची ताकद म्हणतात ती ही.

संकल्प: पहाटे फिरणं, गरम पाणी, थंड बंद, आंबट बंद. महिना हातात आहे. चिंता नाही.

४ नोव्हेंबर, पहाटे
गोगाबाबा टेकडीवर जायचं ठरलं होतं. खिडकीतून पाहिलं तर धुकं. धुकं घशाला वाईट. झोपलो.

६ नोव्हेंबर
गेलो एकदाचा टेकडीवर. निघताना रत्नमाला माकडटोपी घेऊन मागे धावली. मी स्पष्ट सांगितलं, सिडकोत चार माणसं मला निवेदक म्हणून ओळखतात, माकडटोपीतला निवेदक कुणी पाहिलाय का. कान उघडे ठेवूनच गेलो. अर्ध्यात धाप लागली. खाली येऊन गाडीवर पोहे, दोन कट चहा.

संध्याकाळी कानात ठणका. रत्नमालेनं विचारलं, ओळखलं का कुणी? बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

९ नोव्हेंबर
आज पाण्याचा दिवस. नळ पहाटेच आला. नळ आला की आमच्या कॉलनीत कुणी आजारी नसतं, सगळे बनियनवर बाहेर. रत्नमाला म्हणाली, तुम्ही आत बसा, मी बघते. मी म्हणालो, उलट अशा वेळी शरीराला कामाला लावलं पाहिजे. मोटर लावली आणि पाइप निसटला. मानेपासून पायापर्यंत भिजलो. टाकी भरली, बादल्या भरल्या, शेजारच्या आजींनाही दोन कळशा दिल्या, मग कपडे बदलले.

दुपारपासून नाकाला धार. पाइप ढिला होता. तो बदलायला मी दसऱ्यापासून सांगतोय. कुणाला सांगतोय ते आठवत नाही.

१२ नोव्हेंबर
कन्नडहून दाजींचा फोन. रामकिसन दाजी, म्हणजे सुरेखाचे यजमान. आधी लग्नाचं काहीच नाही, पहिला प्रश्न, पाव्हणं, आवाज कसाय? मी म्हणालो, बसलाय. त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, बसू द्या, बसू द्या, लई घाई करू नका. चांगला बसू द्या.

केवढा समजूतदार माणूस! उभा जन्म ऊस आणि मका केला, पण आवाजाची कदर आहे.

१४ नोव्हेंबर
दाजींनी जीपवाल्याबरोबर सीताफळांची अख्खी पाटी पाठवली. निरोप असा की ताकद येती, रोज खा म्हणावं. रत्नमाला म्हणाली, सीताफळ थंड असतं, सर्दीत हात लावू नका. मी म्हणालो, माणसानं एवढ्या मायेनं पाठवलंय. दाजींचं मन मोडायचं नाही म्हणून पाच खाल्ली. सहावं लहान होतं.

१५ नोव्हेंबर
ताप.

१७ नोव्हेंबर
कॉपरच्या गोळ्या, झिंकच्या गोळ्या, कसल्याही गोळ्या लिहून द्या म्हणून डॉक्टर अतुलकडे गेलो. कॉलनीतलेच आहेत. म्हणाले, विश्रांती घ्या, वाफ घ्या आणि बोलणं कमी करा. आता बोलणं कमी म्हणजे नेमकं किती कमी, हे आपण ठरवायला नको का? मी त्यांना माझ्या कामाचं स्वरूप समजावून सांगितलं. अजिंठ्याच्या लग्नातला थोडा भाग म्हणूनही दाखवला. बाहेर पेशंट खोकत होते. शेवटी त्यांनीच उठून मला दार उघडून दिलं. हल्लीच्या डॉक्टरांना पेशन्स नाही.

गोळ्या एकही दिली नाही.

१९ नोव्हेंबर
रत्नमालेचा काढा. आलं, मिरं, गवती चहा, ओवा. घोटभर घेतला, बाकीचा तुळशीला घातला. तुळस तरी टवटवीत राहावी.

दिवसभर ऑफिसात डुलक्या. साहेब म्हणाले, साहेबराव, घरी जा. मी म्हणालो, कामाचं काय? ते म्हणाले, तेच म्हणतोय. विषय तिथंच संपवला.

२१ नोव्हेंबर
मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि डोळे उघडले. रोज पहाटे गार पाण्यानं अंघोळ, की प्रतिकारशक्ती दगडासारखी. एवढे दिवस गरम पाण्यानंच घात केला. उद्यापासून सुरू. रत्नमालेला सांगितलं नाही. ती प्रत्येक नव्या गोष्टीत खोट काढते.

२२ नोव्हेंबर
गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. एवढं लिहून थांब

२५ नोव्हेंबर
नाक मोकळं! सकाळी चक्क फोडणीचा वास आला. मी म्हणत होतोच, हा सगळा मनाचा खेळ आहे. मनानं घेतलं की सर्दी पळते.

या आनंदात ऑफिसातल्या अभयबरोबर नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खायला गेलो. औषध म्हणूनच. तिखटानं उरलंसुरलं सगळं वाहून जातं. गेलंही. पण टाळू भाजली. भाजलेल्या जागी गार काहीतरी लावावं लागतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल. म्हणून कुल्फी. अभय म्हणाला, भाऊ, सर्दी हाय ना तुम्हाला? मी म्हणालो, होती.

२७ नोव्हेंबर
आवाज गेला. बसला नाही, गेलाच. रत्नमालेला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा. तिनं दोनदा मागे वळून पाहिलं, आणि खात्री पटल्यावर रेडिओ लावून स्वयंपाक केला. किती दिवसांनी गुणगुणत होती.

अभयनं कुल्फी थांबवायला हवी होती.

३० नोव्हेंबर
सुरेखा पत्रिका द्यायला आली. मला बघून म्हणाली, दादा, यंदा तू काही बोलू नको रे, नुसता ये. श्रेयानं एकच हट्ट धरलाय, बारा एकतीसचा मुहूर्त हाय, लग्न मुहूर्तावर लागलं पाहिजे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुणेनं सांगितलं, मुहूर्त माझ्यावर सोड. हे ऐकून, म्हणजे पाहून, ती रडायलाच लागली. बहिणीची माया.

नंतर दोघी नणंद-भावजया स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. मध्येच हसल्या. लग्नघरात बायकांच्या मनावर ताण असतो.

३ डिसेंबर
आवाज परततोय! जाडाभरडा आहे, पण आहे. गच्चीवर जाऊन म्हणून पाहिलं, “कन्नड पंचक्रोशीतील आदरणीय...” “आदरणीय”वर चिरका झाला. समोरच्या गच्चीवरचा माणूस कपडे वाळत घालायचं सोडून खाली गेला.

दाजींना लगेच फोन केला. म्हणालो, आवाज आला. ते म्हणाले, अरे देवा! मग म्हणाले, देवाची कृपा. भावनेच्या भरात माणसाचं असं होतं.

दुपारी जीपवाला दारात. दाजींनी उसाच्या रसाचं कॅन पाठवलं होतं, आत बर्फ घालून. पाव्हण्यांना लग्नात उभं राहायला ताकद पाहिजे म्हणे. रत्नमाला माझ्याकडे आणि कॅनकडे आळीपाळीनं पाहत राहिली. म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच काही कळत नाही का? मी म्हणालो, कळतं, म्हणूनच पितोय.

६ डिसेंबर, कन्नड
काल रात्रीपासून कणकण. आवाज शून्य. इथं घाटाखालून येणारं वारं अंग कापतं. अंगणात हळदीचा गोंधळ, मी ओसरीत शाल गुंडाळून. हे एवढं सगळं केलं आणि ऐन लग्नात माशी शिंकली. फार वाईट वाटलं. डोळे भरून आले.

दाजींना बाजूला घेऊन खुणेनं सांगितलं, नाही जमणार. त्यांनी सगळ्यांसमोर मला कडकडून मिठी मारली. मग आत ओरडून सांगितलं, पाव्हण्यांना चहा आणा, साखर जास्तीची टाका.

माझ्यामागे निवेदनाचं काय होणार, कुणी विचारतच नाही. सगळे खचलेत बहुतेक.

७ डिसेंबर, कन्नड, संध्याकाळ
लिहितोच.

बाराला मंडपात गेलो. माइक स्टँडवर तसाच. माझा हात दोनदा त्याच्याकडे गेला. वाटलं, आता धांदल उडणार, लोक शोधणार मला. तेवढ्यात रत्नमाला उठली आणि माइक हातात घेतला. माझी बायको! एवढंच म्हणाली, आलेल्या सगळ्या पाहुण्यांचं स्वागत आहे, मुहूर्त जवळ आलाय, मामा, मुलीला घेऊन या. आणि माइक बंद केला.

ना एक नाव, ना एक सत्कार. पुढच्या रांगेतले मान्यवर एकमेकांकडे बघायला लागले, आणि मला वाटलं आता उठून जाणार. कुणी उठलं नाही. एकानं तर घड्याळ पाहून मान डोलावली.

मामा म्हणजे मी, हे लक्षात यायला मला वेळ लागला. आजवर “मामा, मुलीला घेऊन या” हे मीच म्हणत आलो. भावकीतल्या कितीतरी मुलींचे मामा मी माइकवरून बोलावले. खोलीत गेलो तर श्रेया शालू नेसून तयार. हात गारठलेले. मला पाहून म्हणाली, मामा, तुम्हीच न्यायला याल की माइकवर असाल, याचीच धाकधूक होती मला. मग हळूच म्हणाली, सर्दी झाली ते लई बरं झालं.

मला बोलता येत नव्हतं. आलं असतं तरी काय बोललो असतो देव जाणे.

तिला आणलं, तिच्या मागे उभा राहिलो. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मला शिंक आली. अशी तशी नाही, बेंबीच्या देठापासून. शुभ घडीला मामानं शिंकायचं म्हणजे वरपक्षानं तिथल्या तिथं चपला शोधल्या असत्या. श्वास कोंडला, ओठ चावले, नाक दाबलं. शिंक आत, डोळ्यांतून धारा. शेवटचं “सावधान” होईस्तोवर चेहरा टोमॅटो झाला होता. अक्षता पडल्या, ताशा वाजला आणि त्या आवाजात मी शिंकून घेतलं.

बाहेर सगळीकडे चर्चा, मामा किती रडला. वराची आजी येऊन माझ्या पाठीवर हात फिरवून गेली. सुरेखा तर गळ्यातच पडली. म्हणाली, दादा, एवढा जीव हाय तुझा श्रेयावर, मला माहीतच नव्हतं. मी मान हलवली. शिंक गेल्यावरही डोळे थांबत नव्हते, हे मात्र खरं.

लग्न मुहूर्तावर लागलं. पंगत गरम मिळाली. दाजी प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, आमच्यात पयल्यांदा. लोक हसत होते, आणि कुणीतरी अजिंठ्याच्या लग्नाचं नाव काढलं. म्हणाले, त्या दिवशी अक्षता हाताला चिकटल्या होत्या, पोरगी चक्कर येऊन बसली होती. मी जिलेबीचा तुकडा तोंडात धरून तसाच बसलो. मला काही दिसलं नव्हतं तेव्हा. माइकवरून पोरगी दिसत नाही.

९ डिसेंबर
घरी. झोपून. कुणावर ढकलावं सुचत नाही. रत्नमालेनं काढा दिला, पिऊन टाकला. तिला विचारलं, ती सीताफळं, तो बर्फाचा रस कशासाठी, तुला आधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, अख्ख्या कन्नडला माहीत होतं. मग कपाळाला बाम चोळून दिला. त्यावर राग धरता आला नाही.

१६ डिसेंबर
आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, पूर्वीपेक्षा चांगला. बाथरूममध्ये नळ सोडून दोन ओळी म्हणून पाहिल्या. रत्नमालेला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी बिडकीनहून धोंडिबा काकांचा फोन. वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या नातवाचं फेब्रुवारीत लग्न आहे. कन्नडचं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं दिसलं. जरा अडखळत म्हणाले, सायबराव, तुम्हाला बोलवायचं तर हायच, पण तब्येत कशी काय राहील तवर?

मी फोन दोन क्षण धरून ठेवला आणि खोकलो. चांगला लांब, पोटातून.

काका म्हणाले, मग व्हय, सहकुटुंब या.