मुळ्याची शेवटची फोड

८ नोव्हेंबर

देवळातल्या मुक्कामी पाहुण्यांच्या वहीत खोटं आडनाव लिहिलं! शाळेतल्या नन्सनी किती वेळ गुडघ्यांवर बसवलं असतं. पण इथल्या स्वयंपाकघरात माझी थोरली बहीण, किनुएताई, रांधते. तिची माफी मागायला आले आहे, आणि तिच्यापासूनच लपते आहे.

संध्याकाळी तिळाचा टोफू, भात, शिजवलेल्या भाज्या. शेजारी बसलेल्या बाईंच्या वाटीत अळंबी होती, माझ्या वाटीत गाजराचं फूल. संपली असेल. बरंच झालं, अळंबी माझ्या घशाखाली उतरत नाही.

खारवलेला मुळा आधीच खाऊन टाकला. वाढणारे म्हातारे र्‍योकेई भिक्खू बघत राहिले. “बाई, एक फोड ठेवायची असते. आता वाटी कशानं पुसणार, बाहीनं?”

सगळे हसले. मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

९ नोव्हेंबर

थंडी. पहाटेच्या प्रार्थनेत पाय बधिर झाले.

लिहूनच टाकते. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं. शेवटची फोड राखायची, वाटीत गरम चहा ओतायचा, फोडीनं वाटी पुसायची, मग फोड खायची, चहा प्यायचा — तिनंच शिकवलं. अकरा वर्षांची असताना शाळेच्या जेवणघरात मी तसं केलं. मुली खिदळल्या. “शी! हे कुणी शिकवलं तुला?”

“आमच्या मोलकरणीनं.”

ताई दारात उभी होती, माझा विसरलेला कोट घेऊन. तिनं ऐकलं. आत आली, कमरेत वाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “छोट्या बाईसाहेब, तुमचा कोट.”

माझा खोटेपणा तिनं झाकला. पुन्हा शाळेत कधी आली नाही. घरी त्यावर एक शब्द नाही, पुढे पत्रांतूनही नाही. आता मी चौसष्ट वर्षांची आहे.

१० नोव्हेंबर

स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत ती खोकली. परत फिरले.

आजही गाजराचं फूल. शेवटची फोड ठेवली, वाटी लख्ख पुसली. एवढंच जमलं.

११ नोव्हेंबर

न भेटताच निघाले होते. र्‍योकेईंनी फाटकाशी गाठलं. “अळंबीवाचून पोट भरलं ना? किनुएबाईंनी पहिल्याच संध्याकाळी वही बघून बजावलं होतं — हे अक्षर मीच गिरवून घेतलंय, हिच्या वाटीत अळंबी घालू नका.”

बस जाऊ दिली. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी राहिले.

ताईनं खलावरून मान वर केली नाही. “छोट्या बाईसाहेब, बाह्या वर करा. तीळ वाटायचे आहेत.”