खालच्या थप्पीची पाचर

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, राहणार गोदामामागच्या दोन खोल्या, धंदा नळकामाच्या आणि गिझर-बॉयलरच्या सामानाची साठवण व पोच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय आणि तीनदा कच्चे लिहून मग पक्के करत आहे. मला कसलाही आजार नाही. बाबा काही लिहून न ठेवता गेले आणि कागद जुळवता जुळवता आमचे वर्ष गेले, म्हणून लिहिते. एवढेच कारण पहिल्या दोन कच्च्या प्रतींत होते. ते पुरते खरे नव्हते.

१. दोन्ही खोल्या, आतल्या सामानासकट, आईच्या.

२. गोदाम व माल धाकट्या भावाचा, पण अटींवर. गिझर उभेच ठेवावेत. खोक्यावरचा बाण शोभेसाठी नसतो. बॉयलरबरोबर धुराची नळी चढली की नाही हे गाडी सुटण्याआधी हाताने चाचपावे, चलनावर विसंबू नये. गाडीबाहेर डोकावणाऱ्या पाइपांना लाल फडके बांधावे. भाऊ म्हणतो, "ताई, तू मेल्यावरसुद्धा मोजणीला येशील बघ." त्याला हसू येते. मला येत नाही. ऊन उतरले की रॅकवरचे लांब पाइप आपोआप किणकिणतात. लोखंड निवताना आकसते, हे बाबांनीच शिकवले. अक्षरे मी त्यांच्या मांडीवर बसून खोक्यांवरून शिकले आणि बेरीज पाइपाचे कोपरे, म्हणजे एल्बो, मोजून. तरी तो आवाज आला की मी उठते, खालच्या थप्पीपाशी बसते आणि हात फिरवते. रोज. भावाने ही सवय लावून घेऊ नये.

३. बाबांचा मोठा पाना भिंतीवरच राहावा. आत्याने तो आठवण म्हणून तीनदा मागितला आहे. एवढी आठवण होती तर दवाखान्यात यायचे होते.

४. माल पोचवायची गाडी ड्रायव्हरकाकांना. कारण पुढीलप्रमाणे.

लांब पाइपांची थप्पी घरंगळू नये म्हणून तिच्याखाली लाकडी पाचर ठोकलेली असते. आमची रीत अशी, की शेवटचा पाइप काढणाऱ्यानेच पाचर परत ठोकायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे "लावली" म्हणायचे. चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी शेवटचा पाइप काकांनी काढला. ते "लावली" म्हणाले. मी ऐकले. मग वाऱ्याने दार आपटू लागले. मी फोनवर पत्ता लिहून घेत होते, पलीकडचे ऐकू येईना. हाताशी होती म्हणून तीच पाचर उपसून मी दाराखाली सारली. थप्पी हलली नाही. फोन झाला की लावू, असे मनात म्हटले. तेवढ्यात बाबा लेबल वाचायला खाली वाकले आणि थप्पी घरंगळली.

धावपळीत दार कोणी लोटले, पाचर कुठे उडाली, कोणाच्या लक्षात आले नाही. आईने काकांना विचारले, "तुम्ही लावली होती का हो?"

ते म्हणाले, "लावली होती वाटतं, वहिनी."

त्या 'वाटतं'वर सगळ्यांनी बोट ठेवले. पुढे काकांनाही आपणच विसरलो असे वाटू लागले. आई त्यांच्याशी बोलायची थांबली. ते चलन द्यायला येतात ते उंबऱ्याबाहेर उभे राहतात. मी तेव्हा तिथेच होते. काही बोलले नाही.

५. दुरुस्ती. गाडी नको असेल तर कागद वाया जाऊ नये, असे स्वतःला सांगून मी वरील मजकूर काल काकांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोरी, मी एकसष्टचा. तू एकतीसची. हे उघडणार कधी? मी गेल्यावर?"

मला हे सुचलेच नव्हते. तीन कच्च्या प्रती लिहूनही नाही.

"गाडी ठेव तुझी तुलाच. वहिनींना वाचून दाखव. आत्ता."

मी आईला वाचून दाखवले. काका बाहेर उभे होते. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचले. मग ती उठून दारापर्यंत गेली.

"भावजी, आत या. बसा."

ते बसले. दोघे बराच वेळ बाबांविषयी बोलले. मला कोणी जा म्हणाले नाही, बस म्हणाले नाही.

म्हणून कलम ४ मधील गाडीचे देणे रद्द. गाडी गोदामाबरोबर भावाकडे. हकिगत कायम. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्ष करू नये असा नियम आहे, आणि काकांना साक्षच करायची आहे.

कलम १ कायम. आईने खोल्या नको म्हटले तर तेही खोडून देईन. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

वरील सर्व मी वाचले असून ते खरे आहे.

सही: गोदामवाली

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली व तिच्यासमक्ष आम्ही केली:
१. ड्रायव्हरकाका
२. समोरचे कुलूपवाले

स्थळ: गोदाम, पुढची खोली
दिनांक: ११ जून, मंगळवार