दसऱ्याचा दुपट्टा

आंजी (मोठी)
१२ मार्च १९७८

चि. चंद्रभान यास आनंदाबाईचे पोटभर आशीर्वाद. विशेष.

तू आमदार झाला हे ऐकून तुझ्या भाऊजींनी दारात वाजंत्री लावली. माय असती तं तिनं दृष्ट काढली असती. ती नाई, म्हणून मीच मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. पेढे इतके वाटले की पोरांचे दात किडतीन.

पण एक गोष्ट जिवाले खाऊन राह्यली. पुलगावच्या कापसाच्या जिनातली फिटरची जागा सोडून तू मुंबईले चालला. आमदारकी पाच वर्षांची, पोट जन्माचं. मोतीलालशेठ म्हणतात की जागा तुमचीच आहे, पण तोंडच्या बोलण्याचा काय भरवसा? जिनातला रिवाज तुले ठाऊकच आहे. दसऱ्याले मशिनीची पूजा झाली की शेठजी ज्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकतीन, तोच त्या हंगामाचा कामगार. बिमार माणसाचा दुपट्टा त्याची बायको घेते. तुले जमलं नाई तं नलूले उभी करजो. लाजजो नको.

माया आहेच, सांगाले नाई पाहिजे.
तुझी बाई


आमदार निवास, मुंबई
२० ऑक्टोबर १९७८

ती. बाईचे चरणी चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे नलूने दसऱ्याला माझा दुपट्टा घेतला. पुरुषांच्या रांगेत उभी राहिली म्हणून बाया हसल्या, असे तिने कळवले आहे. माझ्या जागी तूर्त श्रावण लागला आहे. काम त्याला मीच शिकवले. पोरगा गुणी आहे.

आता काळजी सोड. मी सभागृहात एक विधेयक मांडतो आहे. खाजगी कारखान्यातला माणूस आमदार झाला, तर मुदत संपेपर्यंत मालकाने त्याची जागा राखून ठेवावी व परत आल्यावर त्याच पगारावर घ्यावे. असे झाले नाही, तर उद्या सभागृहात फक्त शेठ आणि वकीलच बसतील. हे बोललो तेव्हा लोकांनी बाके वाजवली.

इथल्या खाणावळीत ठेचा मागितला की गोड चटणी आणून देतात. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
चंद्रभान


आंजी (मोठी)
९ ऑक्टोबर १९७९

चि. चंद्रभान यास आशीर्वाद. विशेष.

काल नाचणगावहून आपला तानबा आलता. त्यानं सांगतलं अन् माह्या हातातलं पीठ हातातच राह्यलं. काय करून बसला रे तू? दसऱ्याच्या पूजेले शेठजीनं तुले पाहुणा म्हणून बोलावलं, खुर्चीवर बसवलं, अन् साऱ्या कामगारांले दुपट्टे तुझ्याच हातानं टाकवले. श्रावणच्या खांद्यावरही तूच टाकला! नलू रांगेत जायले निघाली तं आमदाराच्या बायकोले हे शोभत नाई म्हणून तू तिले घरी पाठवलं. अन् तुले काय मिळालं? शाल.

अरे, शाल पाहुण्याले देतात. घरच्या माणसाले कोणी शाल पांघरत नाई. एवढी अक्कल मुंबईत कोणी शिकवत नाई काय? तुझ्या त्या विधेयकाचं काय झालं ते लिहिजो. अन् पुस्तकी लिहिणं सोड. भावाचं पत्र वाटत नाई, तहसीलीचा कागद वाटते.

रागानं लिहिलं, पण मायेनंच लिहिलं.
बाई


आमदार निवास, मुंबई
४ नोव्हेंबर १९७९

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. शेठजींनी मला स्टेशनपर्यंत मोटार दिली. ते मनात काही ठेवणारे गृहस्थ नाहीत. विधेयकाचा क्रमांक या वेळी लागला नाही, पुढल्या अधिवेशनात नक्की लागेल. एकदा कायदा झाला, की मग दुपट्टा काय आणि शाल काय!

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.
चंद्रभान


नाचणगाव
२३ ऑक्टोबर १९८०

ती. बाईच्या पायावर डोकं ठेवून चंद्रभानचा नमस्कार.

बाई, तू म्हणे तसंच झालं. फेब्रुवारीत विधानसभा बरखास्त झाली, त्यातच माझं विधेयकही मेलं. पार्टीनं पुन्हा तिकीट दिलं नाई, हे तुले ठाऊकच आहे. शेठजीले भेटलो तं ते गोड बोलले, की तुमची जागा तुम्हीच आपल्या हातानं श्रावणले दिली, साऱ्या गावानं पाह्यलं. आता दसऱ्याले या, पाहू. त्या एका शब्दावर उन्हाळा-पावसाळा काढला.

दसऱ्याले जुनी खाकी पँट घालून मी रांगेत उभा राह्यलो. शेठजीनं पाह्यलं अन् हात जोडत धावत आले, की आमदारसाहेबांनी रांगेत उभं राहावं म्हणजे आमच्या जिनाची बेइज्जती. दंडाले धरून मले खुर्चीवर नेऊन बसवलं. मी म्हटलं की मले शाल नको, दुपट्टा पाहिजे. शेठजी हसले. लोकही हसले. त्यांले वाटलं, साहेब किती साधे आहेत! सारी नावं पुकारून झाली, माझं आलं नाई. शेवटी मले शाल पांघरली अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई, त्या टाळ्या अजून कानातून जाऊन नाई राह्यल्या.

संध्याकाळी श्रावण आपला दुपट्टा घेऊन घरी आला अन् रडला. मी परत पाठवला. ज्याच्या खांद्यावर मीच टाकला, त्याच्या खांद्यावरून कसा काढू? त्याची बायको पोटुशी आहे. पुलगावातल्या दुसऱ्या जिनांत गेलतो. एक म्हणते, आमदाराले हुकूम कसा सोडावा. दुसरा म्हणते, हा संप करन.

दोन शाली घरात ठेवून काय करू? एक तानबाजवळ तुह्यासाठी पाठवली आहे.

तुझाच,
चंद्रभान


आंजी (मोठी)
१४ डिसेंबर १९८०

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

शाल पोचली. आमच्या तांबड्या बैलाले थंडी वाजून राह्यलती, त्याच्या पाठीवर टाकली. तुझे भाऊजी चिडले, की मानाची वस्तू आहे. मी म्हटलं की मान त्यालेच शोभते, तो रोज कामावर जाते.

वाईट वाटून घेजो नको. त्या दिवशी मी पोटभर रडली, मगच टाकली. भाऊजींनीच मग तिची गाठ बांधली, घसरू नये म्हणून.

आमचा कापूस फुटून वावरात लोंबून राह्यला, वेचाले माणसं नाईत. नलूले घेऊन ये. बहिणीच्या घरी मजुरी करू नये म्हणतात, म्हणो. ज्याले म्हणायचं त्यानं येऊन आपल्या तव्यावरची भाकर द्यावी. पांढरे कपडे घरीच ठेवजो, काट्यांत फाटतात. सकाळची हजेरी वावरात मीच घेते.

तुझं नाव पहिलं पुकारीन.

बाई