डोंग्यावरचा भोंगा

पिंपळटोला, ता. सालेकसा
दि. २४ नोव्हेंबर २००२

चि. अतुल यास गुलाबमामाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिण्याचे कारण असे, की डोंग्यावर, म्हणजे माझ्या नव्या होडीवर, बसवायला स्पीकर आणि ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा, ते कळव. गोंदियात तुझे रेडिओदुरुस्तीचे दुकान आहे, दुसऱ्या कोणाला विचारणार?

तुझी सुमनमामी तलावापलीकडे करंजटोल्याला, माहेरी जाऊन बसली आहे. मंडईच्या जत्रेत तिचा रेडिओ देऊन मी हा डोंगा घेतला, एवढेच निमित्त. जाताना म्हणाली, की आता बातम्या डोंग्यालेच इचारा. मी आणायला गेलो, तर तिचा भाऊ खेमराज भर अंगणात म्हणाला, की रेडिओ घेऊनच या. रेडिओ घेणारा तर छत्तीसगडात निघून गेला. मलाही राग आला आणि शपथ घेऊन बसलो, की करंजटोल्याच्या मातीला पाय लावणार नाही.

आता घर खायला उठते. म्हणून ठरवले, की डोंगा काठाजवळ न्यायचा आणि पाण्यातूनच माफी मागायची. डाव्या स्पीकरातून तिची आवडती गाणी, उजव्यातून माफी. तिला जे आवडेल ते ऐकेल. मासे बहिरे होतात काय, तेही लिही.

तुझा मामा,
गुलाब


मुर्री, गोंदिया
दि. २९ नोव्हेंबर २००२

ती. मामांस अतुलचा सविनय जयभीम. वि. वि. तुमचे पत्र दुकानात मोठ्याने वाचले गेले, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तेही भोंग्याशिवाय.

गाण्याला बॉक्स लागतो, बोलण्याला भोंगा. तुम्हाला माफी मागायची आहे की वरात काढायची, ते आधी ठरवा. दोन्ही एकदम लावले तर मामीला एकही कळणार नाही. माझे ऐकाल तर एकच भोंगा घ्या. बॉक्समधला कागदी पडदा दवाने फुगतो आणि मग माणूस नाकात बोलल्यासारखा वाटतो. ॲम्प्लिफायर बारा व्होल्टचा, चाळीस वॅटचा पुरे. त्याला ट्रॅक्टरची बॅटरी चालेल, पण ती डोंग्याच्या मधोमध, खाली ठेवा. माईक हातात असताना उभे राहू नका.

माशांचे माहीत नाही. मामी मात्र लवकर याव्यात असे मनापासून वाटते. तुम्ही वाळले असाल.

आपला आज्ञाधारक,
अतुल


पिंपळटोला
दि. ११ डिसेंबर २००२

चि. अतुल यास जयभीम, आशीर्वाद. खेमराज सोडून सगळे खुशाल आहेत असे समज. तू बसवर पाठवलेला भोंगा पोचला. बांबूला बांधला आहे.

आठ दिवसांपासून रोज संध्याकाळी तलावाच्या मधोमध जाऊन सराव करून राहिलो आहे. तिथे बदकांशिवाय कोणी ऐकायला नाही, म्हणून मोकळेपणाने बोलतो. बाकी सगळे येते, फक्त ‘माझं चुकलं’ म्हणायच्या वेळी माईक बंद करून डोंगा वळवतो. रविवारी काठाजवळ जाणार. ती आली नाही तर काय करावे, हे मला माहीत नाही. मामीला यातले काही कळू देऊ नकोस.

तुझाच,
गुलाबमामा


करंजटोला
दि. १२ डिसेंबर २००२

चि. अतुलला मामीचा जयभीम आणि आशीर्वाद. तुझ्या मामाला कोणी सांगितले, की पाण्यावर आवाज बुडतो? आठ दिवस झाले, अख्खे गाव माफी ऐकून राहिले आहे. बाया तुरीच्या शेंगा घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर येऊन बसतात. शेजारची नंदाबाई म्हणते, की मंगळवारची चांगली होती, बुधवारची लांबली. माझा पितळी आरसाही यांनीच कुठे देऊन टाकला होता, हे मला गेल्या गुरुवारच्या माफीत कळले.

मी तिसऱ्याच दिवशी निघणार होते. पण बावीस वर्षांत हे माझ्याशी एवढे कधी बोलले नव्हते, म्हणून थांबले. खोटे कशाला बोलू, ऐकताना रडू येते. हे त्यांना कळवू नको, नाहीतर लाजून गप्प बसतील.

माया राहू दे.
सुमनमामी


पिंपळटोला
दि. १७ डिसेंबर २००२

चि. अतुल यास मामा-मामीचा जयभीम आणि आशीर्वाद. रविवारी काठाजवळ गेलो तर पाळीवर सतरंज्या. एवढी माणसे पाहून मी सगळे विसरलो. मग नंदाबाईने काठावरून पहिले वाक्य सांगितले. दुसरे बाकीच्या बायांनी. सगळ्यांना पाठ होते. शेवटचे मात्र कोणी सांगेना, सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या. ते नीट म्हणावे म्हणून मी उभा राहिलो आणि डोंगा कलला.

छातीभर पाण्यात, ॲम्प्लिफायर डोक्यावर धरून, भोंग्याशिवायच म्हणालो, की माझं चुकलं. खेमराजने लगेच विचारले, की पायाखालची माती कोणाच्या गावची हाय? बायांनी निकाल दिला, की पाण्याखालची माती तलावाची. तोवर तुझी मामी लुगडे खोचून पाण्यात उतरली होती. तिने आधी ॲम्प्लिफायर घेतला, मग माझा हात. त्याच डोंग्यातून घरी आलो.

भोंगा आता ओसरीवर आहे. रेडिओ येईपर्यंत रोज जेवणाआधी त्यावरून बातम्या मीच सांगायच्या, असा तिचा हुकूम आहे. आज दुसराच दिवस आणि गावच्या बातम्या संपल्या. मुर्रीकडे काही घडले असेल तर उलट टपाली कळव. नसेल घडले, तरी कळव.

जीव लावून राहा.
तुझा मामा,
गुलाब