दसऱ्याचा नीळकंठ

नंदनवन, नागपूर
आश्विन वद्य पंचमी, १९७८

प्रिय शामला,

हे पत्र पोस्टानं येत नाही, यमुताई कासारणीच्या बांगड्यांच्या पेटीतून येतं आहे. तुमच्या घरी पोस्टमननं दिलेलं पाकीट आधी तुझे सासरे रामाजी फोडतात, मग श्रीधरराव वाचतात, आणि नवऱ्याच्या हातून उरलंसुरलं तुझ्याकडं येतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. दिवाळीच्या बांगड्या भरायला यमुताई मंगळवारी कळमेश्वरच्या गाडीनं तुमच्या गावी येईल. बायका बांगड्या भरायला बसल्या की पुरुष तिकडं फिरकत नाहीत. तेवढ्यात हे पदराखाली घे, आणि एकटी असताना सावकाश वाच.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. अक्षर तुझं आहे, वाक्यं तुझी नाहीत. 'आपल्या हातून घडलेल्या अक्षम्य वर्तनाबद्दल' असं तू जन्मात लिहिणार नाहीस. सदतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, शामले. कोणतं वाक्य पोराचं आणि कोणतं शेजारी उभ्या असलेल्या बापाचं, हे मला शाई वाळायच्या आत कळतं. तुझ्या खुर्चीमागं रामाजी उभे होते, आणि मधूनमधून तंबाखू मळत होते, हेसुद्धा मला त्या कागदात दिसलं. असो. मागणी स्पष्ट आहे. मी माफीच्या दोन ओळी लिहून, खाली सही करून पाठवायच्या. त्या ओट्यावर चार माणसांसमोर वाचल्या जातील. तोवर सुनेला माहेरी दिवाळीला पाठवणार नाहीत.

तुझ्या आईनं ते पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाली, "लिहून द्या ना दोन ओळी. तुमचं काय झिजते? शाई का घरी नाई?" मी पत्राची घडी घातली. तर म्हणाली, "आयुष्यभर कविता लिहिल्या, त्या कोनी छापल्या नाई. हे तरी कोनी वाचन." मनकर्णाबाईंची जीभ तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा तिचीच वाक्यं मुलांना पाठ करायला द्यायला हवी होती. पण त्यानंतर ती चुलीसमोर माझ्याकडं पाठ फिरवून बसली आणि मला म्हणाली, "पाखरापायी पोरगी गमावता काय?" याचं उत्तर मी तिला दिलेलं नाही. तुला देतो आहे, म्हणून पत्र लांबेल.

दसऱ्याला मी तुमच्याकडं आलो तो मानानं आलो होतो. नवा धोतरजोडा दिला गेला, व्याही म्हणून पाटावर बसवलं गेलं. तुमच्या घरची ती रीत मी ऐकून होतो, पाहिली नव्हती. आमच्याकडं दसऱ्याला नीळकंठ दिसला तर वर्ष बरं जातं म्हणतात, तेवढंच. दिसला तर दिसला. तुमच्या घरी तो दिसायलाच हवा, म्हणून पाखरं धरणारा माणूस त्याला पिंजऱ्यातून ओट्यावर आणतो, त्याबद्दल त्या माणसाला वर्षाचं धान्य मिळतं, आणि सारा गाव रामाजींच्या दारी दर्शनाला येतो. आधी घरचे पुरुष, मग गावचे, आणि खांबामागं ताटकळलेल्या बायका शेवटी. यंदा पहिलं दर्शन व्याह्यांचं, असं रामाजींनी मोठ्या मनानं जाहीर केलं, आणि वर म्हणाले, "मास्तर, पाखराची एखांदी कविता होऊन जाऊ द्या!"

मला कविता म्हण असं कोणी म्हणायचा अवकाश असतो. चौथीच्या पुस्तकातली म्हणायला लागलो, ती आभाळाची नि पंखांची, जी तुला झोपताना म्हणून दाखवायचो. डोळे ओले झाले की मला समोरचं धूसर होतं, तरी मी हात उंचावून म्हणतच होतो. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. दुसरं कडवं सुरू झालं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

पुढचं तू पाहिलंस. उंबऱ्यापर्यंत कोणी यावं तसा तो पिंजऱ्याच्या दारापर्यंत आला. मला वाटलं, आता कविता खरी होणार. सगळ्यांनाच वाटलं, कारण सगळ्यांनी माना वर केल्या, आभाळाकडं. आणि तो खाली पडला. सुपात रचलेल्या आपट्याच्या पानांवर, ढेकूळ पडावं तसा. पाखरंवाला धावत आला आणि मला म्हणाला, "मास्तर, थो कसा उडन? पंखाले डिंक लावला हाय. काही पिसं कापली. उडता पक्षी मी दारोदार कसा नेऊ?" त्याचा मला राग आला नाही. त्याला विचारलं कोणी होतं? आपण एवढी शिकलीसवरलेली माणसं, त्या पिंजऱ्याला नमस्कार करत होतो, तुम्ही वर्षानुवर्षं आणि मी त्या दिवशी, आणि हा पक्षी मुकाट एका जागी बसतो कसा, हे एकाच्याही मनात आलं नाही.

तुझ्या सासूबाई जयवंताबाई "अवं माय वं, अपशकुन!" म्हणून ओरडल्या. रामाजींनी विचारलं, "कोनं उघडलं?" मी म्हणालो, "मी." मग तो पक्षी त्यांनीच दिलेल्या नव्या धोतरात गुंडाळला आणि पानावर न बसता निघालो. रामाजी मागून म्हणाले, "जाता कुठं? तुमाले काई समजते का, मास्तर? वर्षाचा शकुन घेऊन चालले तुमी!" रामाजींचा खरा राग पाखराचा नाही, सणाच्या दिवशी व्याही उपाशी निघाला याचा आहे. तेवढ्यापुरती माझी चूक आहे. जयवंताबाई पहाटेपासून पुरण वाटत होत्या. त्यांना माझ्या वतीनं सांग, की त्यांच्या स्वयंपाकाची मी हात जोडून क्षमा मागतो. पुरणाची. त्यापुढं एका शब्दाची नाही.

आता त्याची खुशाली. एस.टी.त तो मांडीवर होता, कंडक्टर म्हणाला, "कोंबडी असन तर टपावर ठेवा." घरी आल्यावर कोमट पाण्यात रिठे कुस्करून त्याचे पंख धुतले. डिंक सुटायला तीन दिवस लागले. पिंजरा आणायचा नाही म्हणून माझी पुस्तकांची खोलीच त्याला दिली. तो आता माझ्या खुर्चीच्या पाठीवर बसतो आणि कवितासंग्रहांवर आपला अभिप्राय देतो. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढं तांदळाची कणी टाकली, मग ज्वारी, मग भिजवलेली डाळ. तो ढुंकून बघेना. मी हवालदिल. शेवटी शेजारचे भैयाजी आले. जंगलखात्यात गार्ड होते ते. पोट धरून हसले. "मास्तर, चिमणी समजून राहिले का त्याले? थो नाकतोडे खाते, नाकतोडे!" कवितेतली सगळी पाखरं दाणे टिपतात, शामले. मीही सदतीस वर्षं त्यांना दाणेच खाऊ घातले.

तेव्हापासून रोज सकाळी मी लेआउटच्या मोकळ्या प्लॉटांवर गवतात वाकून फिरतो. अडुसष्टाव्या वर्षी, हातात छत्री आणि डालड्याचा डबा. लोक सायकली थांबवून विचारतात, "मास्तर, भजी करता का?" मी म्हणतो, "हो, या जेवायला." पण वाकून वाकून मला एवढ्या वर्षांत न दिसलेलं दिसायला लागलं आहे. विजेच्या तारेवर बसणारा कोतवाल पक्षी चरणाऱ्या गाईमागं ठरावीक अंतर ठेवून उडत राहतो. टिटवी मला तिच्या जागेपासून दूर न्यायला उगाच ओरडत पुढं पुढं जाते. आणि परवा आपल्या शेवग्यावर हळद्या आला होता, तुझ्या खोलीच्या खिडकीसमोर.

हे सगळं आधी तू पाहायचीस. तू आठ वर्षांची असताना दसऱ्याला आपण सायकलीवर निघायचो, तू पुढच्या दांडीवर. काटोल रस्त्याच्या तारांवर नीळकंठ शोधायचो. मी तोंडानं कविता म्हणत पायडल मारायचो आणि तू बघायचीस. एकदा तारेवर मातकट रंगाचं काहीतरी बसलं होतं, मी म्हणालो, हा नव्हे, नीळकंठ निळा असतो, पुस्तकात लिहिलं आहे. तू म्हणालीस, "थांबा ना बाबा." आपण थांबलो. तो उडाला आणि त्याचे पंख उघडले, तो निळा! तू म्हणालीस, "बसला की दाखवत नाई तो." मी शाळेत वीस वर्षं त्या पक्ष्यावर बोललो होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. यात तू काही उपमा शोधू नकोस. उपमा शिकवून शिकवून मी थकलो. मी पक्ष्याबद्दलच बोलतो आहे, आणि तुझ्या डोळ्यांबद्दल. मॅट्रिकला विज्ञानात पहिली आलीस, आणि स्थळ चांगलं आहे म्हणून मी पुढचं शिक्षण थांबवलं, हेही पक्ष्याबद्दल नाही. ते माझ्याबद्दल आहे.

माफीची पत्रं मी आयुष्यात पुष्कळ लिहिली. त्यातलं एक सांगतो. तुझ्या जन्माच्याही आधीचं. शाळेमागच्या विहिरीवर बाभळीला सुगरणींची घरटी लटकली होती. शुद्धलेखनाचा तास सोडून मी वर्ग तिकडं नेला. पोरं एक शब्द न बोलता पाऊण तास बसली. तीच पोरं, जी पाच मिनिटं गप्प बसत नव्हती. नेमके इन्स्पेक्टर आले. वर्ग रिकामा. हेडमास्तर म्हणाले, दोन ओळी लिहून द्या, विषय संपेल. मी दिल्या. वळणदार अक्षरात, 'यापुढे असे घडणार नाही'. विषय संपला, नोकरी राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून पोरं मधल्या सुट्टीत त्या बाभळीकडं जायची बंद झाली. त्यांना कोणी मना केलं नव्हतं. मास्तरांनी माफी मागितली म्हणजे तिकडं जाणं वाईट असणार, एवढं त्यांना कळलं. माझ्या दोन ओळींनी काय केलं ते मी त्या पोरांच्या चेहऱ्यांवर वर्षभर वाचलं.

तेव्हा मी घाबरलो होतो. आता कशाला घाबरू? पेन्शन कोणी काढून घेत नाही. गावात मास्तर वेडा ठरला तर ठरो, नंदनवनात तो आधीच ठरला आहे. तुझी आईसुद्धा पूर्वीइतकी माझ्या विरुद्ध नाही. काल तिनं परसातल्या भेंडीवरून दोन नाकतोडे पकडून आणले, माझ्याकडं न बघता डब्यात टाकले आणि म्हणाली, "तुमच्या हाताले एक सापडत नाई." पण रात्री उशीला तोंड लावून ती तुझं नाव घेते, हे मी ऐकतो. मला दिवाळीला तू हवी आहेस. माझ्यापेक्षा तिला जास्त हवी आहेस. तरीही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. त्या दिवशी सगळे माझ्याकडं बघत होते, पण माझं तोंड पिंजऱ्याकडं होतं. डोळे कितीही ओले असोत, माझ्या पोरीचा हात मी ओळखतो. तो खांबाआडून आला, खिट्टी वर सरकवली आणि मागं गेला. घाईत नाही, चुकून नाही. तू मला पाहिलं नाहीस. मी 'मी' म्हणालो तेव्हा तुला वाटलं असेल, बाबांनी काहीतरी भलतंच अंगावर ओढून घेतलं. नाही, मी पाहून, समजून म्हणालो. आणि गेले दहा दिवस तू तिथं कशी असशील, तो कागद लिहिताना तुला काय वाटलं असेल, तेही मला कळतं. म्हणूनच त्या दोन ओळी मी देणार नाही. माझा अभिमान मी केव्हाच विकून बसलो आहे, त्याचं काही नाही. पण मी सही केली तर तुझ्या हातानं केलं ते पाप होतं, असं तुझ्या बापाच्या अक्षरात लिहिलं जाईल. ते मी होऊ देणार नाही. तूही माझ्यासाठी खरं सांगायला धावू नकोस. कधी सांगायचंच झालं तर रडून सांगू नकोस, मान वर करून सांग. पंखांना डिंक होता हे तुला कुठं ठाऊक होतं? मलाही नव्हतं. त्याबद्दल क्षमा आपण दोघं त्या पक्ष्याची मागू, दुसऱ्या कोणाची नाही. धनतेरसला सकाळच्या गाडीनं मी तुला न्यायला येतो आहे. रामाजींनी बसा म्हटलं तर बसेन, नाही म्हटलं तर अंगणात उभा राहीन, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. त्या दिवशी निघता आलं नाही तर भाऊबीजेला पुन्हा येईन, आणि मग पुन्हा. माझ्याजवळ कागद नसेल. तू तुझी पेटी भरून ठेव.

तुझाच, या वयात हट्टी झालेला,
बाबा