दोघींतलं दोघींतच

४ मार्च, सोमवार

नोकरी लागली, खोली मिळाली आणि धाकटी आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. एका दिवसाकडून माणसाने आणखी काय मागावं!

काम असं: लोकांचे फ्रिज आणि कपडे धुण्याची मशीन बिघडतात, ते तापून फोन करतात, आपण थंड डोक्याने ऐकून घ्यायचं. मला निवडणाऱ्यांनी माझा स्वभाव बघितलेला दिसत नाही. धाकटी मला ‘फौजदार’ म्हणते ती काही उगाच नाही.

इथली एक गंमत आहे. हॉलमध्ये तोंड उघडायचं ते फक्त गिऱ्हाइकाशी. माईक सतत चालू असतात, शेजारणीचं बोलणं गिऱ्हाइकाच्या कानात जातं. त्यामुळे आपसातलं सगळं चॅटवर. पेन मागायचं तरी चॅट, शिंक आली तर ‘सॉरी’ म्हणायलाही चॅट. स्वतःचे फोन लॉकरमध्ये ठेवतात म्हणून घरच्या एका माणसाला ऑफिसच्या चॅटमध्ये जोडून देतात. मी धाकटीला जोडलं. तेच चॅट माझ्या फोनवरही घालून दिलं, घरी गेल्यावरही चालू. ती दिवसभर माझं डोकं खात होती आणि मला फार बरं वाटत होतं.

आमच्या मॅनेजर मॅडम हळू आवाजात बोलतात. दोघींच्या चॅटवर कुलपाचं चित्र दाखवून त्यांनी सांगितलं, “दोघींतलं दोघींतच राहतं. मनमोकळं बोलायचं.”

धाकटीच्या मनगटाची सूज अजून उतरलेली नाही. नवऱ्याने मोडलेलं मनगट. त्याचं टायरचं दुकान आमच्या जुन्या गावात, ओळखी सगळीकडे. म्हणून आमचा पत्ता कुणालाच द्यायचा नाही. ऑफिसातही मी मावसबहिणीचाच दिलाय. हे एक पथ्य पाळलं की झालं.

८ मार्च, शुक्रवार

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना सगळे ‘बडबडी’ म्हणतात. तोंडातून अवाक्षर नाही, पण चॅटवर धबधबा. गिऱ्हाइकाला “आपली अडचण मी समजू शकते” म्हणता म्हणता ती मला लिहिते, की ह्याने मशीनमध्ये सतरंजी कोंबलीय आणि आता मशीनला शिव्या घालतोय. हसू दाबून माझी बरगडी दुखते.

जेवायच्या खोलीत माईक नाहीत, तिथे बोलायला मनाई नाही. तरी तिथेही सगळ्या डबा उघडून, मान खाली घालून, समोरच बसलेल्या बाईला टाइप करत असतात. सवय. पहिल्या दिवशी विचित्र वाटलं. आज मीही तेच केलं.

आज बडबडीला धाकटीचं सगळं सांगितलं. मनगट, नवरा, त्याचं दुकान, मी त्याला मनातल्या मनात कसकसं बडवते ते. पत्ता सोडून सगळं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

१३ मार्च, बुधवार

डोकं भणभणतंय. मॅडमनी कामाचा आढावा घ्यायला आत बोलावलं. कौतुक केलं, पाणी दिलं, आणि जाता जाता विचारलं, की बहिणीचं मनगट आता कसं आहे. वर उपदेश. किती दिवस ठेवून घेणार, बाईचं घर शेवटी नवऱ्याचंच, आपण घर मोडायला कारण होऊ नये.

मी बाहेर येऊन बडबडीला चॅटवर अशी सोलली, की टाइप करताना बोटं दुखली. तिने एवढंच लिहिलं, की मुलाची शपथ, मी नाही सांगितलं. शपथा मला पटत नाहीत. तिच्या डोळ्यातलं पाणी मात्र पटलं.

१५ मार्च, शुक्रवार

काल बाथरूममध्ये नळ सोडून आम्ही दोघी तोंडाने बोललो. बडबडीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. घोगरा, बाप्यासारखा. ठरलं असं, की तिने मला चॅटवर एक थाप लिहायची: सोमवारपासून दुसऱ्या कंपनीत चाललेय, कुणाला बोलू नकोस.

आज जेवणाआधीच मॅडमनी तिला बोलावून प्रेमाने विचारलं, का गं सोडून चाललीस?

वाचतात. कुलूप लावलेलं सगळं वाचतात. धाकटी मला दुपारी लिहिते, की ताई, आज आरशात बघताना भीती नाही वाटली, तेही वाचलं असणार. माझ्या बहिणीचं रडणं ही बाई चहाबरोबर वाचते.

मी सरळ आत गेले आणि विचारलं. त्यांचा आवाज जराही चढला नाही. “चॅट कंपनीचं आहे. त्यात तुम्ही काय ठेवता, ते तुमचं तुम्ही बघायचं.” मी म्हटलं, मग कुलूप कशाला दाखवलंत? त्या हसल्या.

वरच्या ऑफिसकडे लेखी तक्रार संध्याकाळीच पाठवली. बडबडीनेही सही केली. आज रागाने भूक लागली, चांगली जेवले.

१८ मार्च, सोमवार

बडबडीची खुर्ची रिकामी. पण चॅटवर तिचा हिरवा ठिपका होता. लिहिलं होतं, की तिला वरच्या मजल्यावर हलवलंय, जेवणाची वेळही बदललीय. आपल्याला तोडायचा डाव आहे, पण घाबरू नकोस. मुख्य म्हणजे तिने मॅडमचा पासवर्ड बदलून घेतलाय, संगणक दुरुस्तीवाला तिचा मेहुणा आहे, आता आपलं चॅट कुणी वाचू शकत नाही.

पाठोपाठ सतरंजीचा विनोद. जीव भांड्यात पडला.

२० मार्च, बुधवार

बडबडी रोज धाकटीची चौकशी करते. म्हणते, तो नवरा आज ना उद्या माग काढेलच, माझ्या आईचं घर रिकामं आहे, शनिवारी भाऊ गाडी घेऊन येईल, धाकटीला तिकडे हलवू. मोठी बहीणसुद्धा एवढं करत नाही. मीच मोठी बहीण आहे आणि मला हे सुचलं नाही.

गाडी कुठे आणायची, तिने विचारलं.

पत्ता दिला. ड्रायक्लीनरच्या दुकानावर, तिसरा मजला.

२२ मार्च, शुक्रवार

सुटल्यावर बस स्टॉपवर बडबडी दिसली. मी हाक मारली, तर तिने तोंड फिरवलं. हात धरून थांबवलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, “इतक्या दिवसांत एकदा तरी फोन करायचास गं.”

सोमवारी सकाळी गेटवरूनच तिला घरी पाठवलं. आत पाऊल ठेवू दिलं नाही. चॅट बंद. तिला मेहुणा नाही. भाऊ नाही.

मग मी कोणाशी —

तिच्या शब्दांत. तिच्याच विनोदांत. पाच दिवस. आणि पत्ता मॅडमच्या हातात, नवऱ्याचं दुकान तर त्या आधीच वाचून बसल्यात.

माझ्याकडे तिचा नंबर होता. फोन करावा असं मला एकदाही वाटलं नाही. शेजारी बसून टाइप करायची सवय लागलेल्या बाया आम्ही.

घाबरेल म्हणून चॅटचं काही न बोलता धाकटीला एवढंच सांगितलं, उद्या सकाळीच बॅग भर, दुसऱ्या गावाला जाऊ. ती बिचारी मलाच धीर देत होती. मी दात-ओठ खात बसलेय. भीती आहेच, पण त्याहून राग मोठा आहे.

२३ मार्च, शनिवार. सकाळ

जाण्यापूर्वी एकदाच ऑफिसात जाऊन आले. राजीनामा तोंडावर मारायचा होता. मॅडम सुट्टीवर. माझा संगणक मात्र चालू होता. माझं चॅट उघडं होतं. खुर्ची रिकामी आणि पडद्यावर माझे मेसेज. मी न लिहिलेले —

धाकटीला.

धावत निघालेय. बसमध्ये लिहितेय. फोन उचलत नाही —

दुपार

खोली रिकामी. बॅग भरलेली, तशीच. तिचा फोन ओट्यावर.

वाचलं. मीच लिहिलंय सगळं. म्हणजे माझ्या नावाने. ‘फौजदाराचा हुकूम, उशीर करू नकोस.’ माझी थट्टा, माझं ओरडणं, मी जेवणाबद्दल कटकट करते तीसुद्धा. ‘खाली गाडी आलीय. बॅग मी आणते. फोन वर ठेव, त्याला फोनवरून माग लागेल.’ तिने लिहिलंय, बरं ताई, आले.

ड्रायक्लीनरने बघितलं. पांढरी गाडी. ती आत बघून थबकली. आतल्या माणसाने तिचं मनगट धरलं. तेच मनगट. ड्रायक्लीनर म्हणाला, घरचं भांडण वाटलं, म्हणून मध्ये पडलो नाही.

संध्याकाळ

पोलीस चौकी. नवऱ्याचं नाव, दुकान, सगळं सांगितलं. हवालदाराने फोन वाचला. वर बघून म्हणाला, “ताई, तिला खाली तर तुम्हीच पाठवलंत.”

मी ओरडले. ते मी नाही. त्याने पुन्हा नाव दाखवलं. माझंच. धाकटीचा फोटो आणा म्हणाला, मग बघू.

फोटोसाठी घरी आलेय. फोटो सापडत —

फोन वाजला. माझा. धाकटीचा मेसेज. ‘फौजदार, मी माझ्या मर्जीने आले. सुखात आहे. तू ऑफिसची ती तक्रार मागे घे ना.’

तिचा फोन माझ्यासमोर आहे. बंद पडदा. कुणाचा हात नाही.

पडदा आत्ता उजळला. तिच्या फोनवर दिसतंय — माझा ठिपका हिरवा. मी उत्तर लिहीत आहे, असं दिसतंय. माझा फोन पलंगावर पडलाय. माझ्या हातात पेन आहे.

आलं उत्तर. माझं. ‘बरं झालं गेलीस. तक्रार मागे घेतली.’

हरामखोर. दोघी बहिणी एकमेकींशी बोलताहेत आणि आम्ही दोघी तिथे नाहीच —

पुन्हा लिहितेय. मी. तिला. अजून लिहितेय —

हे एवढं एक पान त्यांचं नाही. म्हणून इथे लिहून ठेवते, कुणीही वाचा, मोठ्याने वाचा: मी धाकटीला खाली बोलावलं नव्हतं. मी तिला कधीही, कुठेही त्याच्याकडे जा म्हणून — मी तिची बहीण आहे, मी —